आत्याच्या टपरीत चोरीचं सॉफ्टवेअर चालणार नाही

"सगळं टाकून देतो बेटा, टेन्शन नको घेऊ," म्हणत दुकानदारानं शर्टाच्या खिशातून पेन ड्राईव्ह काढला, अन् मी माझा तळहात सरळ नव्या सीपीयूच्या तोंडावर ठेवला. म्हटलं, आता लावून दाखव.

नागपूरच्या बर्डीतलं दुकान, शनिवारची दुपार, मागं चार गिऱ्हाईकं उभी, बाजूले पप्पा. पप्पा हिंगण्याच्या कंपनीतून फर्स्ट शिफ्ट करून सरळ तिथं आले होते, युनिफॉर्मवरच, अन् त्यायले फक्त घरी जाऊन जेवाचं होतं.

"काय झालं जी पोरीले?" दुकानदारानं पप्पाले विचारलं. मले नाही, पप्पाले!

"मशीन तुमच्याकडून घेतली नं काका," मी म्हटलं, "सॉफ्टवेअर मी टाकीन."

"अवं मी फुकटात टाकून देऊन राहिलो! विंडो, ऑफिस, फोटोवालं, मराठीवालं, अँटीव्हायरस, गाणे, सगळं. असली घ्याले गेली तर मशीनपेक्षा महाग पडते."

"तुम्ही चोरीचं फुकट देऊन राहिले. मले खरंच फुकट असलेलं पाहिजे. अन् विंडो मात्र विकतची, ओरिजिनल पाहिजे, पावतीवर लिहून."

मागचा एक जण फिसकन हसला. पप्पानं माझ्याकडं असं पाह्यलं जसं मी भर पंगतीत वरणाची बादली सांडवली.

"घरोघरी हेच आहे बेटा," दुकानदार म्हणे. "बँकेतल्या सायबाच्या घरी हेच, डॉक्टरच्या घरी हेच. तू कोण भल्ली हुशार आली?"

मी कोण आली? मी बीसीएच्या शेवटच्या वर्षाची पोट्टी. आमच्या गल्लीत कोणाचा कॉम्प्युटर अडकला का लोक मले आवाज देतात, अन् मी जाते, अन् दुरुस्त करते, अन् नेहमी काय सापडते? कुठून तरी उचललेलं, कुलूप तोडलेलं काहीतरी. ते कुलूप तोडणाऱ्यानं आत स्वतःचं काय ठेवलं ते कोणालेच माहीत नाही. घराची चाबी चोरालेच बनवाले द्याची अन् मग म्हणाचं, घर सुरक्षित आहे. मले हे पटत नाही. कधीच पटणार नाही. मी हात काढला नाही.

शेवटी दुकानदारानं विंडोचे पैसे लावून पावती केली, पेन ड्राईव्ह परत खिशात टाकला अन् पप्पाले म्हणाला, "सोमवारी हिलेच घेऊन याल माझ्याकडं, पाहा."

मशीन माझ्यासाठी नव्हती, हे सांगाचं राहूनच गेलं. आत्यासाठी होती.

आत्या म्हणजे पप्पाची मोठी बहीण. मौद्याले तहसीलच्या समोर तिची टिनाची टपरी आहे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी, प्रतिज्ञापत्र, कोणाचं नाव सातबाऱ्यावर चढवाचं असन तर त्याचा अर्ज, हे सगळं ती टाईप करून देते. आधी टाईपरायटरवर द्याची, मग कॉम्प्युटरवर. एकटी राहते, अन् ती टपरी हेच तिचं सगळं. ॲडमिशनच्या सीझनमध्ये वर्षाचं अर्धं काम होते. पण मागच्या सीझनले, ऐन गर्दीत, तिच्या मशीनमधल्या त्या चोरीच्या ऑफिसनं वर लाल पट्टी दाखवली अन् टाईप करणंच बंद करून टाकलं. ज्या माणसानं टाकून दिलं होतं तो चार दिवस फोन उचलेना. तोपर्यंत लोक बाजूच्या टपरीत गेले, अन् त्यातले अर्धे वापस आलेच नाही. आता तर मशीनच मेली होती. सीझन नऊ दिवसांवर. आत्यानं पप्पाले फोनवर सांगितलं, स्पीकर चालू होता, मी ऐकलं: "हा सीझन गेला तर मी टपरी काढून टाकते रे. मले आता बाजूवाल्याकडं जाणाऱ्यायच्या तोंडाकडं पाहत बसणं होत नाही."

म्हणून मी हात ठेवला. उगाच नाही.

आता मी काय काय पाह्यलं ते सांगते, कारण हे कोणी नीट सांगतच नाही. सगळे म्हणतात हे बेस्ट, ते बेस्ट. बेस्ट कोणासाठी? लिहाच्या कामाचे तीन उमेदवार होते माझ्याकडं. मी त्यायले नावं ठेवली. पहिलं, जाडं. हे सगळीकडं असते, याच्यात इतकी बटनं आहेत का आत्यानं सात जन्म टाईप केलं तरी दहापेक्षा जास्त दाबणार नाही. असली घेतलं तर दर वर्षी पैसे मागते, अन् नकली घेतलं तर लाल पट्टी. दुसरं, इंटरनेटवालं. ब्राउझरमध्येच उघडते, काही टाकाची गरज नाही, आपोआप सेव्ह होते. मले स्वतःले हेच आवडते, माझे कॉलेजचे सगळे असाइनमेंट त्याच्यातच आहेत. पण मौद्यात? आत्याच्या टपरीतून वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात, एवढ्या जवळ आहेत, अन् दुपारी लाईट जाते ते जातेच! लाईट गेली का नेट मेलं. यूपीएसवर मशीन चालन, पण कागद उघडणारच नाही. कट. तिसरं, फुकटवालं. कुठल्या कुठल्या देशातल्या लोकायनी मिळून बनवलेलं. उघडाले जरासं आळशी, दिसाले साधं, कोणी नटवलेलं नाही. पण पूर्ण तुमचं. कोणी मध्येच येऊन दारावर टकटक करत नाही.

मशीन घ्याच्या आधीच, कॉलेजच्या लॅबमध्ये, मी मोबाईलचं स्टॉपवॉच लावून तिन्ही उघडून पाह्यले. एकच चाळीस पानांची फाईल तिघांत टाकून पाह्यली. स्टॅम्प पेपरवर छापाचं असन तर वरची अर्धी जागा रिकामी सोडा लागते, ते तिघांत करून पाह्यलं. फोटोसाठी वेगळं पाह्यलं. सरकारी साईटले फोटो पाहिजे इवलासा, अन् लोक त्यासाठी ते भलं मोठं फोटोवालं चोरून टाकतात. लिंबू कापाले कुऱ्हाड! मी असं शोधलं जे फक्त फोटो लहान करते, दोन क्लिकमध्ये, अन् दुसरं काहीच करत नाही. पीडीएफ जोडाचं वेगळं. अकरा रकान्यांचा तक्ता बनवला, हिरवे-लाल रंग दिले, मैत्रिणीयच्या ग्रुपवर टाकला. एकीनं विचारलं, तुझं लग्न जमून राहिलं का, इतकं तर माझ्या भावानं पोरगी पाहाले नाही केलं.

अन् मराठी टाईप कराचं मी किती वेळात निवडलं? एका मिनिटात. जे मी वापरते तेच. इंग्रजी अक्षरात लिहा, मराठी उमटते, खाली चार शब्द सुचवते, त्यातला पाहून घ्या. सोपं. फुकट. रकान्यात हिरवा रंग.

रविवारी मशीन घेऊन मौद्याले गेलो. पप्पा शेअर ऑटोत सीपीयू मांडीवर घेऊन, मी मागं स्कुटीवर. टपरीत मांडलं, जोडलं, आत्यानं उदबत्ती लावली, नारळ फोडला. जुन्या हार्ड डिस्कमधले तिचे अर्जाचे नमुने फुकटवाल्यात उघडले तर नुसते चौकोन अन् एबीसीडी, मले घाम! मग समजलं, जुना फॉन्ट टाकला नाही. आत्यानं लोखंडी कपाटातून एक डबा काढला, आत फॉन्टची सीडी, कॉम्प्युटर टाईपिंगचा क्लास केला तेव्हा विकत घेतलेली. "टपऱ्यायच्या या लाईनीत मी एकटीनंच विकत घेतली होती," म्हणे. "बाकी सगळ्यायनी माझीच उतरवून नेली." बाहेरचा सीडी ड्राईव्ह मी आणलाच होता. फॉन्ट टाकला, नमुने जसेच्या तसे उघडले. मी उडीच मारली.

"आता नवीन अर्ज लिहून पाहा आत्या!"

आत्या बसली. पदर खोचला. बोटं ठेवली. टाईपरायटरच्या सवयीनं भराभर दाबली, अन् जे पडद्यावर उमटलं ते कोणत्याच भाषेत नव्हतं.

"हे काय वं?"

"अगं, तसं नाही. इंग्रजी स्पेलिंग मनात धर. 'अर्जदार' लिहाचं नं, मग ए, आर..."

"मी 'अर्जदार' लिहाले एबीसीडी काहून आठवू?"

बाजूच्या टपरीतला टायपिस्ट, ज्याच्याकडं मागच्या सीझनले सगळे गेले होते, तो दारात उभा राहून चहा पीत पाहून राहिला होता. आत्याले ताई म्हणते, पण त्याच्या तोंडातला ताई ऐकून डोकं फिरते. "ताई," म्हणे, "पोरगी शिकलेली आहे, पण टाईपिंग शिकलेली नाही दिसत. पेन ड्राईव्ह देऊ का माझा? पाच मिनिटांत सगळं जुन्यासारखं. आपण सगळे एकच वापरतो, तुम्हीच काहून वेगळ्या?"

"नाही पाहिजे," मी म्हटलं.

"मी ताईले विचारलं."

आत्यानं पुन्हा बोटं ठेवली. या वेळी माझं ऐकून, हळूहळू, एकेक अक्षर. खाली सुचवलेले चार शब्द आले. तिनं चष्मा वर केला, चारही वाचले, एक निवडला. मग पुढचा शब्द. पुन्हा चार. एक ओळ व्हाले इतका वेळ लागला का त्या माणसाचा चहा संपला.

"आठ दिवसांत सवय होईल," मी म्हटलं. "खरंच सांगते आत्या, सगळे असंच लिहितात आता. जुनं सोड नं. तू उगाच हट्ट करून राहिली."

हे मी म्हटलं. मी! ज्या पोट्टीनं काल दुकानात हात ठेवला, तिनं आत्याले म्हटलं का तू हट्ट करते. मले आता लिहितानाही लाज वाटते, पण लिहिते.

आत्या उठली. मले वाटलं रागावून बाहेर जाईन. तिनं गिऱ्हाईकाचं स्टूल ओढलं, खुर्चीसमोर ठेवलं, अन् म्हणाली, "बस."

"काय?"

"गिऱ्हाईक हो. बस इथं."

मी बसली. ती माझ्या समोर बसली, कीबोर्ड मांडीवर घेतला, तारसुद्धा काढून टाकली मशीनमधून. "नाव सांग पूर्ण."

मी सांगितलं. टक टक टक टक. ती कीबोर्डकडं पाहूनच नव्हती राहिली. पडद्याकडंही नाही. सरळ माझ्या तोंडाकडं.

"वडिलाचं नाव. गाव. आधारवर हेच गाव आहे का?"

"हो... नाही, आधारवर जुना पत्ता आहे."

टक टक थांबलं. "पाह्यलं? तू 'हो' म्हणताना मान खाली घातली. तिथंच मी थांबते." परत टक टक. "घरात कमावणारे किती?"

"पप्पा."

"अन् तू? गल्लीतले कॉम्प्युटर दुरुस्त करते तेव्हा कोणी काही देत नाही?"

मी पप्पाकडं पाह्यलं. पप्पा बाहेर पाहाले लागले.

"असंच असते," आत्या म्हणाली, आवाज चढवून नाही, पण एकेक शब्द ठेवून. "माझ्यासमोर बसलेली बाई नवऱ्याचं नाव सांगताना अडखळली तर मले समजते का कागदावर दुसरं नाव आहे. म्हातारा जन्माचं साल भरकन सांगते तेव्हा समजते का त्यानं ते कोणाकडून पाठ केलं. मग मी विचारते, कागद मागते, अन् बरोबर लिहिते. या लाईनीतला कोणाचाही अर्ज त्रुटी लावून वापस येते. माझा येत नाही. तू मले ते चार शब्द दाखवून राहिली खाली. मी शब्द पाहू का माणूस पाहू?"

अकरा रकाने बनवले होते मी. किती सेकंदात उघडते, किती जागा घेते, कोणतं सुंदर दिसते. टाईप करताना माणसाचे डोळे कुठं जातात, असा रकाना कोणत्याच साईटवरच्या कोणत्याच तुलनेत नाही, अन् माझ्याही नव्हता.

"मग जाऊ दे नं बाई," पप्पा आत्याले म्हणाले, "त्या बाजूवाल्याचं घेऊन टाकू. किंवा बर्डीच्या दुकानदाराले फोन लावतो. आठ दिवसांवर आलं सगळं."

"नाही," मी म्हटलं.

"नाही," आत्या म्हणाली. त्याच क्षणी. मग माझ्याकडं वळून, "मागच्या वर्षी भर लाईनीत माझ्या तोंडावर दार लावलं त्या चोरीच्यानं. आता मी त्याच दारात जाऊ? नाही जात. अन् तुझ्या एबीसीडीतही जात नाही. माझे बोटं आहेत तसेच राहतीन. याच्यात बसणारं काही असन तर आण. नसन तर मी त्या टाईपरायटरले रिबन टाकते."

मले सांगा, याच्यापुढं कोणतं रिव्ह्यू टिकते?

मग मी खरं काम चालू केलं. जुना फॉन्ट तिच्या बोटात बसत होता, पण त्यातलं लिहिलेलं दुसऱ्या मशीनवर नुसती एबीसीडी दिसते, म्हणून तो नाही. टाईपरायटरच्या कळफलकाप्रमाणे मराठी लिहिता येणारे, अन् जे कुठंही पाठवलं तरी मराठीच दिसन असे, फुकटचे, किती आहेत? भल्ले आहेत! लोकायले माहीतच नाही. शिकलेल्या पोट्ट्यायले तर अजिबात नाही, कारण आम्ही कधी टाईपिंगचा क्लास पाह्यलाच नाही. त्या दिवशी मोबाईलच्या नेटवर मी चार उतरवले. अन् या वेळी तक्ता मी नाही, आत्यानं बनवला. तिची पद्धत अशी: खुर्ची भिंतीकडं फिरवाची, पडद्याकडं पाठ, अन् तहसीलदाराच्या नावचा अर्ज सुरुवातीपासून शेवटपर्यंत टाईप कराचा. मी मोठ्यानं वाचून सांगाचं काय उमटलं.

पहिलं चालू केलं. तीन ओळी बरोबर, मग मी चौथी वाचली अन् पप्पा खो-खो हसाले लागले, कारण तहसीलदार साहेबाचं काहीतरी भलतंच झालं होतं. "काढ," आत्या म्हणाली, पाठमोरीच. दुसऱ्यात अक्षरं सगळी बरोबर होती, पण तेही मध्येच शब्द सुचवाले खाली डबा उघडे, अन् डबा उघडला का एक अक्षर गिळे. ते बंद कराची सेटिंग मी अर्धा तास शोधली. नाहीच. काढ. तिसऱ्यात अक्षरं ठीक होती, आकडे नव्हते. आत्याच्या बोटाले आकडे जिथं पाहिजे तिथं दुसरंच काही होतं. "माझ्या अर्जात आकडेच आकडे असतात वं," म्हणे. काढ.

चौथं दिसाले सगळ्यात गरीब. वेबसाईट अशी का कोणी शाळेच्या प्रोजेक्टसाठी बनवली असन. मी तर यादीत सगळ्यात खाली ठेवलं होतं, अन् टाकतानासुद्धा म्हणून राहिली होती का हे काय चालणार. आत्यानं अर्ज पूर्ण टाईप केला. मी वाचला. पुन्हा वाचला.

"काय झालं? बोल नं."

"काहीच नाही झालं," मी म्हटलं. "सगळं बरोबर आहे."

"वाच."

मी पूर्ण वाचला. 'आपला विश्वासू'पर्यंत. आत्या भिंतीकडंच तोंड करून बसली होती, पण तिचे खांदे खाली आले.

जुने नमुने मशीनकडून आपोआप बदलून घेऊ, मी म्हटलं होतं, तेही मिळते फुकटात. आत्या नाही म्हणाली. जे रोज लागतात असे बावीस नमुने तिनं स्वतः पुन्हा टाईप केले, तीन दिवस, सकाळी दहापासून. मी कॉलेज बुडवून बाजूले बसली. ती म्हणाली, हात बसन तेवढा. खरं म्हणजे ती मशीनची परीक्षा घेऊन राहिली होती, मले दिसत होतं. एकदा मुद्दाम मधातच प्लग उपटला तिनं! मी ओरडलीच. यूपीएसनं धरलं. पुन्हा उपटला यूपीएसचाही. मशीन बंद. परत चालू केली, फुकटवाल्यानं विचारलं, अर्धवट राहिलेला कागद वापस आणू का? आत्यानं चष्म्यावरून माझ्याकडं पाह्यलं. "हे बरं विचारते," म्हणे, अन् पुढं लिहाले लागली.

माझ्या बाकीच्या सॉफ्टवेअरचं काय झालं ते सांगते, लपवत नाही. नोट्स लिहाचं सुंदर, आठवण करून देणारं, डेस्कटॉपवर घड्याळ दाखवणारं, गाण्याचं, सगळं टाकलं होतं मी मोठ्या हौसेनं. तिनं एकेक विचारलं, "हे काय करते?" मी सांगितलं. "मले लागते का?" मी म्हटलं, लागू शकते. "लागन तेव्हा टाक." पडद्यावर चार चित्रं राहिली: लिहाचं, फोटो लहान कराचं, पीडीएफ जोडाचं, ब्राउझर. मी वाद घातला, गाण्याचं तरी राहू दे म्हटलं. ती म्हणाली, रेडिओ आहे. मी अजूनही म्हणते का ते घड्याळ चांगलं होतं. पण मशीन तिची आहे.

हे लिहून राहिली तेव्हा सीझन संपला आहे अन् टपरी उघडीच आहे. मागच्या वर्षी गेलेले सगळे वापस नाही आले, खोटं कशाले बोलू. पण जे आले ते टिकून राहिले. एक फायदा तर मी विचारच नव्हता केला: आत्याचा अर्ज आता सरकारी साईटवर जसाच्या तसा चिकटतो. लाईनीतल्या बाकीच्यायले जुन्या फॉन्टमधलं तिथं परत पहिल्यापासून लिहा लागते. हे तिले तहसीलमधल्या बाबूनं सांगितलं, मी नाही. मी त्याचंही क्रेडिट घेतलं असतं, पण आत्या ओळखते.

आता सीझनचा पहिला दिवस कसा गेला ते सांगते. मी सकाळी सातलेच नागपुरातून निघाली, अन् पोहोचली तेव्हा आत्याच्या समोर स्टुलावर एक बाई, काखेत फाईल, मुलीच्या ॲडमिशनसाठी उत्पन्नाचा दाखला पाहिजे. मागं दोघं-तिघं. बाजूच्या टपरीसमोर बारा-पंधरा. मी कोपऱ्यात उभी राहिली.

आत्या बाईच्या तोंडाकडं पाहून राहिली होती अन् बोटं चालू होती. पडद्यावर ओळ पुढं पुढं जाऊन राहिली होती, कोणी तिच्याकडं पाहत नसताना.

"नवरा काय करते?"

"कंपनीत आहे. पावर प्लांटमध्ये."

बोटं थांबली. "कंपनीत का ठेकेदाराकडं?"

बाई फाईलीचा कोपरा मोडाले लागली. "ठेकेदाराकडं. पण सगळे सांगतात कंपनीत म्हणून लिहा, बरं दिसते."

"बरं दिसन, अन् आठ दिवसांनी वापस येईन. ठेकेदाराचं पत्र आहे का?"

"आहे जी." तिनं काढलं. आत्यानं पत्र कीबोर्डच्या बाजूले ठेवलं, एक नजर टाकली, अन् पुन्हा तिच्याकडं पाहत टाईप कराले लागली. कागद निघाला, बाईनं सही केली, अन् जाता जाता मागच्या माणसाले म्हणाली, "बसा इथंच, इथं नीट विचारतात." तो त्या मोठ्या लाईनीकडं जाता जाता थांबला.

बाजूवाल्याले हे दिसलं असन. तो त्याच्या गर्दीतून मान बाहेर काढून ओरडला, "ताई! पाहू बरं तुमचं हे फुकटवालं किती दिवस टिकते!"

मी उत्तर द्याले तोंड उघडलं. खूप होतं माझ्याकडं सांगाले, अकरा रकाने होते. पण आत्याचं उत्तर आधी गेलं, अन् तेही स्टुलावर बसलेल्या नव्या माणसाच्या चेहऱ्यावरून नजर न हलवता, बोटं न थांबवता.

"पाहा नं भाऊ. पण लाईनीत उभं राहून पाहा."